पाठीराख्याची पारख



हॉकी हा शब्द उच्चारला कीं आपल्या डोळ्यांपुढें हिरवें मैदान, पांढरा चेंडू आणि ध्यानचंदाची काठी उभी राहते. कॅनडांतील एखाद्या मुलास तोच शब्द ऐकविला तर तो बर्फाकडे बोट दाखवील. तेथील हिवाळा आपल्या पावसाळ्याहूनही लांब. तळीं गोठून दगडासारखीं होतात, आणि पायांस पोलादी पातीं बांधून त्या काचेसारख्या पृष्ठभागावर वाऱ्याच्या वेगानें सरकत जाणें हा तेथील मुलांचा नित्याचा खेळ. या बर्फावरच्या हॉकींत एक वाद फार दिवसांपासून चालत आला आहे; त्याची हकीकत आज ऐकावयाची आहे.

वादाचे पदर दोन. नियम मोडणाऱ्या खेळाडूस शासन किती व्हावें, हा एक. आणि मागें राहून गोल राखणाऱ्या खेळाडूची योग्यता कशावरून ठरवावी, हा दुसरा. वरवर पाहतां या दोन प्रश्नांचें एकमेकांशीं कांहीं नातें दिसत नाहीं. परंतु तेथील रसिक नव्वद वर्षांहून अधिक काळ हे दोन्ही वाद एकाच दमांत घालीत आले आहेत, आणि त्यास कारणही तसेंच सबळ आहे.

खेळाची ओळख थोडक्यांत अशी. रिंगण २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. कोपरे गोलाकार, आणि सभोंवार फळ्यांचें कुंपण. एका बाजूचे गडी सहा : एक गोलरक्षक, तीन पुढचे, आणि यांच्या मधें दोघे पाठीराखे. आपल्या हॉकींत ज्यांस फुलबॅक म्हणत, त्यांचेच हे भाऊबंद. चेंडूच्या जागीं कठीण रबराची चकती, ३ इंच व्यासाची व १ इंच जाडीची. ती आधीं गोठवून घेतात, म्हणजे फार उसळत नाहीं. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव.

आतां मुख्य भेद. आपल्या हॉकींत प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर जाणें हा गुन्हा आहे. बर्फावरच्या हॉकींत, ज्याच्यापाशीं चकती आहे त्याला खांद्यानें किंवा कमरेनें धडक देऊन अडविणें नियमांत बसतें. इतकेंच नव्हे, तर पाठीराख्याचें तें कामच आहे. मात्र तीच धडक पाठीमागून दिली, काठीचा उपयोग करून दिली, किंवा चकती निघून गेल्यावर दिली, कीं ती अपराध ठरते. कर्तव्य आणि अपराध यांच्यामधें एका पळाचें आणि एका वितीचें अंतर. म्हणून पाठीराख्याचे गुण मोजावयास बसलें कीं त्याच्या शिस्तीचा प्रश्न दारांतच उभा राहतो.

अपराध्यास पंच दंडाच्या बाकावर धाडतो. लहान अपराधास २ मिनिटें, मोठ्यास ५. तेवढा वेळ त्याच्या संघानें एक गडी कमी घेऊन खेळावयाचें. आपल्या जुन्या शाळांतून पोरांस बाकावर उभें करीत, तेथें बसवितात. पण शाळेंतली शिक्षा एकट्या पोराची असे, येथें एकाच्या अविचाराचें व्याज सगळा संघ भरतो. ही पद्धत मोठी शहाणपणाची म्हटली पाहिजे. अडचण येते ती दोन-पांच मिनिटांत न मावणाऱ्या अपराधांची. त्यांचा निकाल खेळ संपल्यावर, रिंगणाबाहेर, लीगचा अधिकारी देतो. आणि तेथून वादास तोंड फुटतें.

हे वाद जेथें चालत ती जागाही मौजेची आहे. हिवाळ्यांत लहान गांवच्या दुकानांतील लोखंडी शेगडीभोवतीं माणसें जमत, आपल्याकडे पारावर किंवा शेकोटीभोवतीं जमावीं तशीं. असल्या बैठकींस अमेरिकेंत व कॅनडांत 'हॉट स्टोव्ह लीग', म्हणजे शेगडीची सभा, असें विनोदानें म्हणतात. टोरोंटोच्या मेपल लीफ गार्डन्समधून फॉस्टर ह्युइट नांवाचा निवेदक सामन्याचें वर्णन नभोवाणीवरून सांगत असे. १९३९ सालीं त्या कार्यक्रमाच्या मध्यंतरांत जाणकारांच्या गप्पांची एक बैठक सुरू झाली, आणि तिला हेंच शेगडीचें नांव दिलें गेलें. घरोघरचा वाद अशा रीतीनें नभोवाणीवर आला. त्या वादाची भाषा मात्र आपल्या पारावरच्या भाषेहून वेगळी नव्हती. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचें तें कार्टें, हा न्याय साता समुद्रांपलीकडेही चालतो.

या सगळ्या वादांचा मूळ पुरुष एडी शोअर. १९०२ सालीं सास्कॅचेवान प्रांतांत जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा १९२६ सालीं बॉस्टनच्या ब्रुइन्स संघांत आला. त्याच्याआधींचे पाठीराखे बहुधा आपल्या गोलासमोर ठाण मांडून बसत. शोअर चकती घेऊन स्वतःच रिंगणाच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत मुसंडी मारी, आणि वाटेंत जो येईल त्याला आडवा करी. १९२७–२८ च्या एका हंगामांत त्यानें १६५ मिनिटें दंडाच्या बाकावर काढलीं. तोंवर इतकीं कोणींच काढलीं नव्हतीं. त्याच्या अंगावर टांके किती पडले याच्या दंतकथा आहेत. जानेवारी १९२९ मधें बॉस्टनहून मॉन्ट्रियलला जाणारी गाडी चुकली, तेव्हां हा गृहस्थ हिमवादळांतून रात्रभर मोटार हांकीत ऐन वेळीं तेथें पोंचला, आणि सामन्यांतला एकुलता एक गोलही त्यानेंच केला, असें सांगतात. बॉस्टनचे लोक त्याला देव मानीत. इतर गांवचे लोक त्याला काय मानीत तें नभोवाणीवर न सांगणेंच बरें.

१२ डिसेंबर १९३३ च्या रात्रीं बॉस्टन गार्डनमधें टोरोंटो आणि बॉस्टन यांचा सामना होता. दुसऱ्या डावांत टोरोंटोचे दोन गडी दंडाच्या बाकावर होते. अशा वेळीं उरलेल्यांनीं चकती आपल्यापाशीं खेळवीत वेळ काढावयाचा असतो, आणि तें काम एस बेली नांवाचा खेळाडू करीत होता. बेली सामान्य गडी नव्हे. १९२८–२९ च्या हंगामांत सर्व लीगमधें सर्वाधिक गोल त्याचे होते. शोअर चकती घेऊन टोरोंटोच्या गोलाकडे चालून गेला. तेथें किंग क्लॅन्सी नांवाच्या पाठीराख्यानें त्याला खालीं पाडलें, आणि चकती घेऊन तो पुढें निघून गेला. बेली त्याची जागा राखावयास मागें राहिला. शोअर उठला, मागून वेगानें आला, आणि त्यानें बेलीला पाठीमागून धडक देऊन उलथा केला. बेलीचें डोकें बर्फावर आदळलें. त्या काळीं शिरस्त्राण घालण्याचा प्रघात नव्हता. टोरोंटोचा रेड हॉर्नर तेथें होता. त्यानें शोअरला एक ठोसा लगावला, शोअर पडला, आणि त्याच्याही डोक्यांतून रक्त वाहूं लागलें. क्षणापूर्वीं ज्या रिंगणांत खेळ चालला होता तेथें दोन माणसें निश्चेष्ट पडलीं होतीं.

शोअर सावध झाल्यावर बेलीपाशीं गेला व त्यानें क्षमा मागितली. खेळांत असें होतच असतें, अशा अर्थाचें उत्तर बेलीनें दिलें, असें सांगतात. त्यानंतर त्याची शुद्ध हरपली. कवटी फुटली होती. बॉस्टनमधेंच त्याच्या मेंदूवर दोन शस्त्रक्रिया कराव्या लागल्या; कित्येक दिवस तो जगतो कीं नाहीं हें वैद्यांसही सांगतां येईना. त्याचा म्हातारा बाप पिस्तूल घेऊन बॉस्टनला निघाला होता व मित्रमंडळींनीं त्याला कसाबसा परत फिरविलें, अशीही कथा आहे. शेवटीं बेली वांचला. परंतु पुन्हां तो कधींही खेळला नाहीं.

लीगचे अध्यक्ष फ्रँक कॅल्डर यांनीं चौकशी करून शोअरला १६ सामन्यांची बंदी केली. हंगाम त्या वेळीं ४८ सामन्यांचा होता; म्हणजे तिसरा हिस्सा. हॉर्नरला नव्या वर्षाच्या आरंभापर्यंत बाहेर बसविलें.

आतां शेगडीभोवतींचा वाद ऐका. बॉस्टनचा पक्ष म्हणे : शोअरचें बेलीशीं वैर नव्हतें. पाडलें क्लॅन्सीनें, आणि शोअरनें बेलीलाच क्लॅन्सी समजून धडक दिली. माणसाची चूक झाली, त्यानें क्षमा मागितली, स्वतःचें रक्तही सांडलें; आणखी काय पाहिजे? टोरोंटोचा पक्ष म्हणे : ज्याच्यापाशीं चकती नाहीं अशा माणसाला पाठीमागून मारलें, त्याचा जन्माचा धंदा बुडाला, आणि मारणारा महिन्या-दीड महिन्यांत पुन्हां खेळावयास मोकळा! त्याला आयुष्यभर बंदी कां नसावी?

यांत बॉस्टनकरांचा एक मुद्दा मुळींच टिकत नाहीं. एकाला मारावयाचें तें चुकून दुसऱ्याला मारलें, हें समर्थन होऊं शकत नाहीं. क्लॅन्सीला पाठीमागून मारणेंही तितकेंच वाईट झालें असतें. पण टोरोंटोकरांचा पक्षही वाटतो तितका निर्मळ नाहीं. बेली जर अंग झाडून उठला असता, तर शोअरला कदाचित् दोन किंवा पांच मिनिटांचें बाक मिळून प्रकरण मिटलें असतें. धडक तीच, माणूस उठला तर दोन मिनिटें, न उठला तर जन्माची बंदी? दोन पोरांनीं दगड भिरकावले, एकाचा झाडाला लागला आणि एकाचा कौलावर. कौल फोडणाऱ्यास छडी, आणि झाडाला मारणाऱ्यास मोकळीक, असा न्याय पुष्कळ ठिकाणीं चालतो, आणि त्यांत दुसरा पोर कांहींच शिकत नाहीं. शासन कृत्याला असावें कीं परिणामाला, हा प्रश्न १९३३ सालीं त्या रिंगणांत जो उपस्थित झाला तो अजून सुटलेला नाहीं. आजचे रसिक त्यावर तितक्याच त्वेषानें भांडतात.

१४ फेब्रुवारी १९३४ रोजीं टोरोंटोंत बेलीच्या मदतीसाठीं एक सामना झाला. टोरोंटोविरुद्ध लीगमधील इतर सर्व संघांचे निवडक खेळाडू. वीस हजारांहून अधिक डॉलर जमले. निवडक खेळाडूंत शोअर होता. खेळापूर्वीं एकेका खेळाडूस सदरा देण्याचें काम बेलीकडे होतें. शोअरचें नांव पुकारलें तेव्हां प्रेक्षागृह स्तब्ध झालें. शोअर पुढें सरकला, बेलीनें हात पुढें केला, आणि दोघांनीं हस्तांदोलन केलें. त्यावर जो जयघोष झाला त्याचें वर्णन जुने लोक पुढें अनेक वर्षें करीत. ज्याचें नुकसान झालें त्यानें मिटविल्यावर इतरांनीं वाद चालविण्यांत अर्थ नव्हता, असें एखाद्यास वाटेल. पण वाद थांबला नाहीं. कारण शोअर परत आला तो पूर्वींइतकाच थोर पाठीराखा होता. लीगमधील सर्वांत मोलाच्या खेळाडूस हार्ट करंडक देतात. तो शोअरला बेलीच्या अपघातापूर्वीं १९३३ सालीं एकदां, आणि त्यानंतर १९३५, १९३६ व १९३८ असा तीनदां मिळाला. पाठीराख्यांपैकीं दुसऱ्या कोणासही तो चारदां मिळालेला नाहीं. मग हा माणूस थोर म्हणावयाचा कीं नाहीं? एक गोष्ट मात्र खरी, कीं त्या प्रसंगानंतर शोअर स्वतः शिरस्त्राण घालूं लागला. लीगनें नव्या खेळाडूंस तें सक्तीचें करावयास १९७९ साल उजाडलें!

शासनाचा वाद रस्त्यावर येऊं शकतो हें १९५५ सालीं मॉन्ट्रियलनें दाखविलें. मॉरिस रिशार हा तेथील फ्रेंच लोकांचा लाडका खेळाडू. पाठीराखा नव्हे, गोल करणारा. १३ मार्च रोजीं बॉस्टनमधें हॅल लेको या पाठीराख्याची काठी त्याच्या डोक्याला लागली व टांके पडले. रिशारनें लेकोला काठीनें झोडपलें, आणि आवरावयास आलेल्या पंचालाही ठोसे मारले. अध्यक्ष क्लॅरेन्स कँपबेल यांनीं १६ मार्च रोजीं निकाल दिला : हंगामाचे उरलेले तीन सामने आणि त्यापुढील अजिंक्यपदाचे सर्व सामने बंद. दुसऱ्या दिवशीं कँपबेल स्वतः मॉन्ट्रियल फोरममधें सामना पाहण्यास जाऊन बसले. त्यांच्यावर अंडीं व भाजीपाला फेंकण्यांत आला, अश्रुधुराचा नळा फुटला, सामना तेथेंच थांबवून विजय डेट्रॉइटला देण्यांत आला, आणि बाहेर सेंट कॅथरिन रस्त्यावर रात्रभर दुकानांच्या कांचा फुटत राहिल्या. १८ मार्च रोजीं रिशारनेंच नभोवाणीवरून लोकांस शांत राहण्याची विनंती केली, आणि लोक शांत झाले. निकाल कडक होता. पण पंचावर हात टाकणाऱ्यास सूट दिली तर खेळ उरत नाहीं. कँपबेल यांचें चुकलें असेल तर तें दुसऱ्या दिवशींच्या जाण्यांत. अपराध्यास शिक्षा केल्यावर त्याच्या घरच्या जेवणास कोणी जाऊं नये, एवढा पोंच न्यायाधीशास असावा.

आतां दुसरा पदर. पाठीराख्याची पारख कशानें करावी? गोल करणाऱ्याचे गोल मोजतां येतात, गोलरक्षकानें अडविलेले फटके मोजतां येतात. पाठीराख्याचें उत्तम काम म्हणजे जें घडलेंच नाहीं तें. चोर गस्त पाहून परत फिरला, त्याची नोंद कोतवालाच्या वहींत कोठें करावयाची? १९५३–५४ च्या हंगामापासून सर्वोत्तम पाठीराख्यास नॉरिस करंडक मिळूं लागला. निवड वृत्तपत्रकार करतात. पहिला मानकरी डेट्रॉइटचा रेड केली. त्याच १९५४ सालीं सभ्य खेळाबद्दलचा लेडी बिंग करंडकही केलीलाच मिळाला, ही गोष्ट शोअरच्या भक्तांस आठवण करून देण्यासारखी आहे. मात्र केलीनंतर सभ्यतेचा तो करंडक दुसऱ्या पाठीराख्याच्या हातीं पडावयास २०१२ साल यावें लागलें. पाठीराखा आणि सभ्य, ही जोडी कल्पनेंत बसत नाहीं असा मतदारांचाच ग्रह असावा.

पुढें मॉन्ट्रियलचा डग हार्वे आला. त्याला घाई ठाऊकच नव्हती. चकती घेऊन तो आपल्या गोलापुढें असा रमतगमत फिरे कीं नवख्या प्रेक्षकाच्या छातींत धडकी भरे. आणि मग एकाएकीं ती चकती नेमकी मोकळ्या गड्याच्या काठीवर जाऊन बसे. खेळाची गति केव्हां वाढवावी आणि केव्हां मंद करावी हें तो ठरवी. १९५५ ते १९६२ या काळांत नॉरिस करंडक सात वेळां त्याचा झाला. त्यानंतर बॉबी ऑर. पाठीराखा असून १९६९–७० मधें १२० गुण मिळवून त्यानें साऱ्या लीगमधें गोल-साहाय्याच्या गुणांत पहिला क्रमांक पटकावला; पूर्वीं असें कधीं घडलें नव्हतें. त्यानें नॉरिस करंडक ओळीनें आठ वर्षें, १९६८ ते १९७५, आपल्या घरीं ठेविला. गुडघ्यांनीं दगा दिला नसता तर आणखी किती ठेविला असता कोण जाणे.

ऑरनें लोकांचे डोळे दिपविले आणि मोजमाप थोडें बिघडविलें. यापुढें उत्तम पाठीराखा म्हणजे पुष्कळ गुण मिळविणारा, अशी समजूत रूढ होऊं लागली. तिचा कस १९८३ व १९८४ सालीं लागला. एका बाजूस एडमंटनचा पॉल कॉफी : १९८२–८३ मधें ९६ गुण, पुढल्या वर्षीं १२६. दुसऱ्या बाजूस वॉशिंग्टनचा रॉड लँगवे : पहिल्या वर्षीं ३२ गुण, दुसऱ्या वर्षीं ३३. मतदारांनीं दोन्ही वर्षीं करंडक लँगवेला दिला. कॉफीच्या चाहत्यांनीं आकाशपाताळ एक केलें. परंतु लँगवे येण्यापूर्वीं वॉशिंग्टनचा संघ अजिंक्यपदाच्या फेरींत एकदांही पोंचला नव्हता. तो आला त्याच वर्षीं पोंचला. आणि १९८३–८४ मधें सर्वांत कमी गोल खाण्याचा मान वॉशिंग्टनच्या गोलरक्षकांस मिळाला. घराला चोरी न होणें हाच ज्याचा पराक्रम, त्याला एकदां तरी हा न्याय मिळाला हें योग्यच झालें. कॉफीस पुढें १९८५ पासून तीनदां करंडक मिळाला. तेव्हां त्याचेंही फारसें बिघडलें नाहीं.

मोजमापाचा एक प्रामाणिक प्रयत्न म्हणजे अधिक-उण्याचा हिशेब. लीगनें तो १९६७–६८ पासून ठेवण्यास सुरुवात केली. खेळाडू बर्फावर असतांना त्याच्या संघानें गोल केला तर त्याच्या नांवें अधिक एक, खाल्ला तर उणें एक. समोरच्या गड्याला बाकावर बसवून केलेला गोल धरावयाचा नाहीं. ऑरनें १९७०–७१ मधें अधिक १२४ मिळविले. तो आंकडा अद्याप कोणीं गांठला नाहीं. परंतु या हिशेबांत खोट आहे. दुबळ्या संघांतला चांगला पाठीराखा रोज प्रतिपक्षाच्या सर्वोत्तम गड्यांपुढें उभा केला जातो, आणि उण्यांत बुडतो. बलाढ्य संघांतला सामान्य गडी इतरांच्या पुण्याईवर अधिकांत तरंगतो. वर्गांतल्या हुशार पोराच्या शेजारीं बसून गणितें बरोबर आणणारा पोर प्रत्येक मास्तरानें पाहिलेला असतो. अलीकडे प्रत्येक फटका, प्रत्येक मिनिट मोजतात. हिशेब सुधारला आहे, भांडण मिटलेलें नाहीं.

शिस्त आणि पारख हे दोन्ही पदर पुन्हां एकत्र पाहावयाचे असतील तर डेट्रॉइटचा निकलास लिडस्ट्रॉम आणि न्यू जर्सीचा स्कॉट स्टीव्हन्स यांस शेजारीं उभें करावें. लिडस्ट्रॉम स्वीडनचा. १,५६४ सामन्यांत तो अवघीं ५१४ मिनिटें दंडाच्या बाकावर बसला. शोअरनें ५५० सामन्यांत हजाराहून अधिक मिनिटें काढलीं होतीं. लिडस्ट्रॉम धडक फारशी देतच नसे. काठी योग्य जागीं ठेवून आणि योग्य जागीं उभा राहून तो माणसास वाटच ठेवीत नसे. नॉरिस करंडक त्याला हार्वेइतकेच सात वेळां मिळाला. स्टीव्हन्सला तो एकदांही मिळाला नाहीं. पण त्याच्या बाजूनें चकती घेऊन येण्याची भीति साऱ्या लीगला होती. २६ मे २००० रोजीं फिलाडेल्फियाचा एरिक लिंड्रॉस मान खालीं घालून मध्यभागीं आला, आणि स्टीव्हन्सच्या खांद्यानें त्याला बर्फावर आडवा केला. पंचानें दंड दिला नाहीं, कारण त्या वेळच्या नियमांत ती धडक बसत होती. लिंड्रॉस पुढला सबंध हंगाम खेळूं शकला नाहीं. त्याच वसंत ऋतूंत स्टीव्हन्सला अजिंक्यपदाच्या फेरींतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला. मान ताठ ठेवून खेळावें ही लिंड्रॉसची जबाबदारी, असें एक पक्ष आजही म्हणतो. डोकें फोडण्याची मुभा ज्या नियमांत आहे तो नियमच फुटका, असें दुसरा म्हणतो. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें खरें ठरलें. पण त्यास दहा वर्षें लागलीं, आणि त्या अवधींत स्टीव्हन्सची स्वतःची कारकीर्दही डोक्याच्याच दुखण्यानें संपली.

त्याच २००० सालच्या फेब्रुवारींत, बॉस्टनच्याच मार्टी मॅकसोर्ली नांवाच्या पाठीराख्यानें व्हँकूव्हरच्या डोनाल्ड ब्रॅशियरच्या डोक्यावर मागून काठी मारली. सामना संपावयास तीन सेकंद उरले होते. येथें नियमाचा कांहीं संशय नव्हता. लीगनें एक वर्षाची बंदी घातलीच. पण प्रकरण तेथील न्यायालयांतही गेलें, आणि शस्त्रानें हल्ला केल्याबद्दल मॅकसोर्ली दोषी ठरला. तुरुंगवास झाला नाहीं. मात्र तो त्या लीगमधें पुन्हां खेळला नाहीं. 

मार्च २०१० मधें बॉस्टनच्या मार्क सव्हार्डला बाजूनें, त्याच्या नजरेआड, डोक्यावर धडक बसली. मारणाऱ्यास शासन झालें नाहीं, कारण नियमच नव्हता. तेव्हां मात्र लीगनें डोक्यास लक्ष्य करणाऱ्या अशा धडकेस बंदी केली. २०११ सालीं शासनाचा निर्णय देण्यासाठीं स्वतंत्र विभाग नेमण्यांत आला. शिक्षा ठोठावल्यावर हा विभाग त्या प्रसंगाचें चित्र लोकांस दाखवून, कोणता नियम मोडला आणि पूर्वींचे अपराध किती, हें समजावून सांगतो. २०१३ च्या करारापासून सहा किंवा अधिक सामन्यांची बंदी झालेल्या खेळाडूस शेवटीं तटस्थ लवादाकडे दाद मागतां येते. निकाल कारणांसह सांगावा, ही साधी गोष्ट. ती सुचावयास लीग स्थापन झाल्यापासून चौऱ्याण्णव वर्षें लागलीं. तरीही दर निकालानंतर एक गांव म्हणतें फार झालें, आणि दुसरें म्हणतें फार थोडें.

एस बेलीचें पुढें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. खेळ गेला तरी त्यानें रिंगण सोडलें नाहीं. मेपल लीफ गार्डन्समधें तो कालमापकाच्या कामावर राहिला, आणि १९८४ पर्यंत तेथें घड्याळ सांभाळीत बसला. शोअर १९८५ सालीं वारला, बेली १९९२ सालीं. मदतीच्या त्या सामन्याच्या रात्रीं टोरोंटोनें बेलीचा ६ हा आंकडा कायमचा बाजूस ठेविला होता. या लीगमधें कोणाच्या मानार्थ आंकडा बंद करण्याची ती पहिलीच वेळ. १९६८ सालीं बेलीनें आपण होऊन सांगितलें, कीं तो आंकडा रॉन एलिस या तरुण खेळाडूनें घालावा. एलिसचा स्वच्छ खेळ त्याला आवडे. एलिसनें खेळ सोडीपर्यंत, १९८१ पर्यंत, तो सदरा घातला. त्यानंतर ६ हा आंकडा पुन्हां बंद झाला.